आनंदीच्या विहिरीतला माझा निम्मा हिस्सा

१. मे १९५८. विहिरीचा गाळ उपसायला आनंदी कांबळी, वय एकोणीस, अविवाहित, दोराने खाली उतरली. वर दोर धरायला थोरला भाऊ बाबली.

२. आनंदी पडून मेली. दोर तुटला, असे बाबलीने सांगितले.

३. वडिलांनी आनंदीच्या नावे केलेली ती विहीर आणि माडाची बाग बाबली व धाकटी बहीण सत्यवती यांच्याकडे निम्मी-निम्मी आली. सत्यवती माझी आजी; तिचा निम्मा आता माझ्या नावे आहे.

४. त्याच वर्षी चतुर्थीला बाबलीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फुगडी घालताना आजीने नवे गाणे धरले: "दोर नाय तुटलो गो बाये, दोर भावान कापलो."

५. गेल्या वर्षी बाबलीचा मुलगा विनीत याने आपल्या पर्यटक निवासासाठी हे गाणे शब्द बदलून ध्वनिमुद्रित करून घेतले. त्यात आनंदीला जलदेवी बोलावून नेते.

मी, तेजस्वी सर्वेश धुरी, वय ३१, भूजल सर्वेक्षण तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्थिर बुद्धीने, कोणाच्या दबावाशिवाय लिहिते. त्यासाठी माझे वय कमी वाटेल. आनंदीने काही लिहून ठेवले नव्हते, म्हणून मारणाऱ्याला वाटा मिळाला.

घर आणि बँकेतील ठेव आई यशोदा हिला.

पाणीपातळी मोजायची टेप व इतर उपकरणे सहकारी मितेशला. टेप ओली गुंडाळू नये. त्याला ती सवय आहे.

आजीने तांदळाच्या पिपात जपलेला दोर माझ्याकडे आहे. तुटलेल्या सुंभाचे धागे कमीजास्त लांबीचे असतात. याचे सगळे धागे एका रेषेत संपतात. पोलिसांकडे का गेली नाहीस, असे मी आजीला विचारले होते. ती म्हणाली, "पोलीस एकदा येतत गो. चतुर्थी दरवर्सा येता."

गाण्याचा अर्थ एवढाच आहे. फुगडी घालणाऱ्या बायकांना यजमानाने नारळ द्यायचा, ही वाडीची रीत. बाबलीने बेचाळीस वर्षे ओटीवर बसून ते गाणे ऐकले आणि दर वेळी आजीच्या हातात नारळ दिला. नारळ आनंदीच्या माडांचे.

विनीतकाका मला म्हणाले, "तेजू, पावण्यांका खून कित्याक सांगूचो? बाबा गेले, आता गाणा पण जांदे." ते गाणे शिक्षा होती. ती माफ करण्याचा अधिकार त्यांना नाही.

विहिरीतील माझा निम्मा हिस्सा: निवासाचे पाणी याच विहिरीचे आहे. विनीतकाकांनी येत्या चतुर्थीला आपल्या खळ्यात, पाहुण्यांसमोर, जुनी ओळ स्वतः म्हणावी आणि बायकांना नारळ द्यावा. पुढेही दरवर्षी. तसे झाले तर हिस्सा त्यांना व त्यांच्या वारसांना. एक वर्ष जरी चुकले, तर आता वाडीत गाणे धरणाऱ्या रसिका मेस्त्री हिला. रसिका निवासाचा पंप या विहिरीवर चालू देणार नाही. मी विचारून घेतले आहे.

दोर कोणत्याही परिस्थितीत रसिकाकडे जाईल.

साक्षीदार: किशोरी मयेकर (सही), ओमकार तारी (सही). रसिका लाभार्थी असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.

तेजस्वी सर्वेश धुरी (सही)
माडवाडी, ता. मालवण
२ जुलै २०२६

प्रत: विनीत बाबली कांबळी. हो किंवा नाही, एवढे लेखी उत्तर ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत मिळावे, ही विनंती.