बांधावरचे गमबूट

शनिवार, दिवाळीच्या तोंडावर. वडिवळे.

आज सूड उगवला आणि मला जराही वाईट वाटत नाहीये. वाटायला हवं का? उद्या बघू.

त्या नावाजलेल्या गायिकेच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमचा समारंभ होता, लोणावळ्याच्या रिसॉर्टवर. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं माझ्या आईचं. चिखलात भाताची रोपं लावायची आवणी चालू असताना बाई आल्या होत्या. नवेकोरे गुलाबी गमबूट घालून बांधावर उभ्या राहिल्या, मोबाइलवर गाणं घेतलं आणि आवणी संपायच्या आत गेल्या. अल्बमवर लिहिलंय 'पारंपरिक'. आईला मात्र आज नऊवारीत पुढच्या रांगेत बसवलं, फोटोपुरतं. शेजारी मी.

स्टेजवरून बाई म्हणतात, "हे गाणं मी चिखलातून उचललं." चिखलातून! त्या गमबुटांवर एक शिंतोडा नव्हता.

टाळ्या थांबल्या तशी आई उठली. मीच सांगून ठेवलं होतं. माइकशिवाय तिनं शेवटचं कडवं म्हटलं. आमच्याकडे ते रोपांची शेवटची मूठ लावून झाल्यावरच म्हणतात आणि गाणं जिनं शिकवलं तिचं नाव त्यात घ्यावंच लागतं. आईनं तिच्या सासूचं घेतलं. मग म्हणाली, "आता तुमी म्हना बाई. तुमाला कुनी शिकिवलं, तिचं नाव घ्या."

सगळे मोबाइल बाईंकडे वळले. बाईंना आईचं नावच माहीत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी काकुळतीनं. मी नुसते ओठ हलवले असते तरी भागलं असतं.

मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले.