नववं गाणं

९ जून १९८८
आलो एकदाचा. तुर्कूहून चौदा तास गाडीत, शेजारी घोरणारा म्हातारा, तरी स्वारी खूश आहे. इथल्या वर्तमानपत्राची संपादकीण मार्केत्ता हिने कचेरीच्या माडीवर खोली दिलीय. खिडकीतून तळं दिसतं आणि सूर्य मावळायचं नाव घेत नाही. माझ्या आधीचा संगीत-समीक्षक काउको जानेवारीत सामानसुमान टाकून निघून गेला म्हणे. त्याचे लोकरी मोजे मी सरळ वापरायला काढले.
मोठी बातमी अशी की, इथल्या ‘सुओकुर्की’ बँडने नवा अल्बम पुरा करत आणलाय आणि तो सगळ्यांच्या आधी ऐकणार मी. तुर्कूत ज्या शहाण्यांनी मला नोकरीवरून काढलं, त्यांनी आता वाचावं.

१० जून
ऐकणं सौनात, म्हणजे लाकडी वाफघरात! बँडचा गायक ओस्मो आई हिल्याबाईंसोबत तळ्याकाठी राहतो. यांचा प्रत्येक अल्बम पहिल्यांदा असाच ऐकवतात, वाफेत बसून, उघड्याने. नागडा माणूस खोटं बोलत नाही, असं ओस्मोचं म्हणणं. स्पीकर बाहेरच्या खोलीत, मधल्या भिंतीला जाळी. ही वही आणि पेन्सिल आत नेलीच पाहिजे अशी अट. बाहेर येऊन लिहिलंस की ती अक्कल झाली राजा, आम्हाला पहिली छाप पाहिजे, म्हणाला.
मग घे म्हटलं. पहिली तीन गाणी पाणचट. ओस्मो रडतो तेही आरशात बघून. तोंडावर सांगितलं. चौथ्या गाण्याच्या शेवटी मात्र एक किंकाळी आहे, चाळीस सेकंदांची. भर वाफेत अंगावर काटा आला. मी म्हटलं, माणूस फक्त इथे ओरडलाय, बाकी सगळं नाटक. अजून एक गाणं असं करा, मग बोलू. ड्रमर पेन्त्तीने ओस्मोकडे पाहिलं आणि तापल्या दगडांवर आणखी एक ओगराळं पाणी ओतलं.
नंतर हिल्याबाईंनी माशाचं सूप वाढलं. किती दिवस राहणार, असं त्यांनी विचारलं. हाकलेपर्यंत, म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

१२ जून
लेख छापून आला. वरची वाक्यं जशीच्या तशी. ओस्मोबद्दलचं तेवढं गाळ, म्हणून मार्केत्ता मागे लागली होती. अजिबात नाही म्हटलं. पहिली छाप म्हणजे पहिली छाप.

१३ जून
पुन्हा बोलावणं. मला वाटलं, आज मार खातोय. पण ओस्मोने मिठी मारली. पटलं तुझं, म्हणाला, नववं गाणं तुझ्या सांगण्याप्रमाणे करतोय.
आठ गाणी ऐकली. आज किंकाळीत शब्द कळले. तो माणूस म्हणतो, ‘दार उघड.’ पाच वेळा म्हणतो. मग नुसता आवाज.
हा आवाज ओस्मोचा नाही. ओरडणारा हा पाहुणा कोण, विचारलं. पेन्त्ती म्हणाला, होता एक. मोठा समीक्षक होता बिचारा. सगळे हसले. मीही हसलो.

१४ जून
कचेरीच्या खणात काउकोने घेतलेल्या मुलाखतीची कॅसेट सापडली. तोच आवाज. तोच तो, नाकातून बोलणारा. काउकोच ओरडलाय.
तासभर घाबरलो. मग डोकं चाललं. सौनाच्या दाराला कडी नसते, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेर ढकललं की उघडतं. म्हणजे कोंडण्याचा प्रश्नच नाही. काउकोने पैसे खाऊन नाटक केलं आणि मी, मी, त्यालाच खरं म्हणालो! उद्या जाऊन यांचं पितळ उघडं पाडतो.
मार्केत्ताला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. जाऊ नको रे, दुपारच्या बसने तुर्कूला जा, म्हणाली. काउकोची आई अजून दर रविवारी फोन करते म्हणे. बाई उगाच घाबरवते.

१५ जून, सौनात
साडेअकरा. मी नाटक म्हणालो. ओस्मोने शांतपणे ऐकून घेतलं. लाकडं आणतो म्हणून तो आणि पेन्त्ती बाहेर गेले —
दारामागे खट्ट झालं. लोखंडाचं.

ढकललं. खांद्याने. नाही.
कडी आहे. कोण लावतो सौनाला कडी —

जाळीमागे माइक. भट्टी तोंडापर्यंत भरलीय. हे आधीच भरून —
ओस्मो जाळीतून बोलतोय. गोड बोलतोय. तू लिहीत राहा, म्हणतो.

नववं सुरू झालं. मधे आवाजाची जागा मोकळी सोडलीय.
नाही देणार. मेलो तरी ओरडणार नाही. टॉवेल दातांत धरलाय.

संपलं. नाही ओरडलो.
टेप मागे फिरवतायत. पेन्त्ती म्हणाला, घाई नाही, गड्या, अख्खा दिवस आहे —

दुसऱ्यांदा. फळीला हात टेकवता येत नाही. कातडी —
हिल्याबाईंना हाक मारू का — म्हणजे ओरडणंच —
त्या जाळीपाशीच आहेत. ओस्मोला म्हणाल्या, जेवायला उशीर करू नको.

तिसऱ्यांदा. पेन्सिल घसरते.
गाणं चांगलं आहे. खरंच चांगलं. जागा बरोबर सोडलीय —
गिटार थांबली. आता ड्रम —
आता इथे —