शाई नसलेली चार पानं

डुलुथ, २ मार्च १९५८

प्रिय आयनारदादास,

धाकट्या सिग्नेचा सविनय नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींचा दमा आणि तुमच्या चर्चचं गळकं छप्पर, यांतलं निदान एक तरी सुधारलं असेल अशी आशा आहे. इकडे सरोवर अजून गोठलेलंच आहे, बोटी बंदरात अडकल्या आहेत आणि आपला धाकटा भाऊ रॉल्फही खलाशाचं काम थांबल्यामुळे माझ्याकडे मुक्कामाला आहे. (त्याचं नाव वाचून पत्र खाली ठेवू नकोस. बाबांच्या दफनाच्या दिवशी तुम्ही दोघं भांडलात, त्याला सहा वर्षं झाली. त्या भांडणात मी नव्हते.)

तर, त्यानं कादंबरी लिहिली आहे. कादंबरी म्हणायचं, पण घर आपलंच, माणसं आपलीच, नावंसुद्धा खरी. न्यूयॉर्कचे एक प्रकाशक ती छापताहेत. मात्र त्यांचा वकील म्हणतो, पुस्तकातल्या प्रत्येक हयात माणसानं संमतीच्या कागदावर सही केली पाहिजे. ज्याची नाही, त्याचा भाग काढून टाकणार. नाव बदला म्हटलं, तर रॉल्फ ऐकत नाही. नाव बदललं की घडलेलं बदलतं म्हणे.

हे सगळं त्यानं गेल्या हिवाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून अकरा दिवसांत टाइप केलं. त्याचा नियम एकच: मागे वळायचं नाही आणि खोडायचं नाही. जे जसं आठवेल तसं, आठवेल त्याच वेगानं. एकोणीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासून माझे डोळे गेले, आणि माझ्याच टेबलावर हा माणूस बावीस पानं पूर्णविरामावाचून जातो! मी विचारलं, तर म्हणाला, "ताई, बोट चाललेली असताना कुणी नांगर टाकतं का?" शेगडीवर माझे बटाटे करपले, तेही त्यानं उठून न बघता पुस्तकात घातले. पाद्री हाल्वोर्सन भेटायला आले आणि समोर बसून खोकले, तर आईच्या आजारपणाच्या मध्येच त्यांचा खोकला आला. (पाद्रीबाबांनी सही आनंदानं केली. वर विचारलं, "एवढंच? मी आणखी कुठे नाही का?")

नवव्या दिवशी टाइपरायटरची फीत संपली. दुसरा कुणी थांबला असता. हा कोऱ्या कागदावर तसाच खडखडत राहिला, चार पानं. मी फीत आणून दिली आणि म्हटलं, "आता ती चार पुन्हा टाइप कर." तर म्हणतो, "ते सांगून झालं." मी त्याला आपल्या आजोबांच्या घोड्याची उपमा दिली, ती इथे लिहीत नाही.

पण तपासनिसाची खोड. कोरी पानं मला बघवेनात. दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून मी त्यांवरून पेन्सिल आडवी, हलक्या हातानं फिरवत गेले, तसतशी ठशांची पांढरी अक्षरं वर येऊ लागली. दादा, त्या चार पानांत तू आहेस. आईला पुरून आल्यावरची संध्याकाळ. मला मावशी घेऊन गेली होती, म्हणून मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तू एकोणीस वर्षांचा, आईची कॉफीची किटली धुतोस, पुसतोस, फळीवर ठेवतोस, पुन्हा काढून धुतोस. आठ वर्षांचा रॉल्फ टेबलाखाली आहे आणि तुझे बूट मोजतोय: मोरीकडे, फळीकडे, मोरीकडे. चार पानांचं एकच वाक्य, आणि तू किटली खाली ठेवत नाहीस तोवर ते थांबत नाही. मी पेन्सिल हातात धरून बसून राहिले. एकही स्वल्पविराम घालायची माझी छाती झाली नाही. आयुष्यभर मी वाक्यं दुरुस्त केली. वाक्यापुढे मान खाली घालायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. आपला रॉल्फ, ज्याला शाळेत शुद्धलेखनात भोपळा मिळायचा!

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सिग्ने

ता. क. संमतीचा कागद सोबत आहे. सही खाली उजवीकडे करायची. तू केली नाहीस, तर ती चार पानं जातील. पेन्सिल फिरवलेलं पहिलं पान पाठवते आहे, दुसरी प्रत नाही, तेव्हा परत पाठव. अंगठ्यानं पुसू नकोस.

ता. क. २ खरं सांगायचं तर मीही अजून सही केलेली नाही. कॉफी निवळावी म्हणून मी तिच्यात अंडं फोडून घालते ना, तर माझ्या कॉफीत अंडं असतं आणि कॉफी नसते, असं त्यानं लिहिलं आहे. पण तुझा कागद आला की त्याच दिवशी करीन.

ता. क. ३ काल मी रॉल्फला विचारलं, दादानं नाही म्हटलं तर? तो म्हणाला, "नाही म्हणायला तरी त्याला मला पत्र लिहावं लागेल ना?" तेव्हा सही कर किंवा करू नकोस, दादा, पण पाकिटावर त्याचं नाव तू स्वतःच्या हातानं लिही.