पांढऱ्या साडीतला पाला

घाटंजी, ऑक्टोबर १९५८, रविवार संध्याकाळ

आज पेटी उघडली अन् जीव चरकला. माझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीवर कडुनिंबाच्या पाल्याचे डाग! सासूबाईंनी ओलाच पाला घडीत ठेवला होता. रंगीत लुगड्यावर दिसले नसते. पण दोन वर्षांपूर्वीच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर या घरात पांढरी नेसलेली नवरी मीच पहिली.

"काहून ठेवला हो ओला?" मी चिडलेच.

"कसर लागू नये म्हून वं."

"तुमच्या लग्नाचं लुगडं असंच ठेवलं होतं?"

"माह्यं कायचं ठेवनं? हळद उतराच्या आधी तेच नेसून वावरात निंदाले गेलती. ठेवाची साडी ह्या घरात पयलीच."

मी कशाला चिडले? डाग राहू देत. उद्या नवा पाला उन्हात वाळवीन. घडीत ठेवायला मात्र त्यांच्याच हाती देईन.