भाऊजींच्या नदीकाठाची चौकट

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, तुझी पाठ आणि तुझा नवरा, यांपैकी पहिल्या दोघांना आराम असेल अशी आशा करतो. तिसऱ्याबद्दलच लिहितोय.

निवृत्त माणसानं चित्रं काढू नयेत असं मी म्हणत नाही. काढावीत. भाऊजींनी नदीकाठ काढला (नदी आहे हे मी विचारून घेतलं, मला आधी तो रस्ता वाटला होता) आणि शनिवारच्या प्रदर्शनासाठी मला चौकट करायला सांगितली. बावीस वर्षं मी लोकांच्या लग्नाच्या फोटोंना सोनेरी पट्ट्या ठोकतोय. माझ्या हातचं काम पहिल्यांदाच दिव्याखाली, चार जाणकारांसमोर लागणार, म्हणून तीन आठवडे बसून चारही बाजूंनी फिरणारी वेल आखली, कोरली. नदीच्या वळणाशी वेलीचं वळण जुळवलं. कोपऱ्याकोपऱ्यात कळी बरोबर जोडावर उमलते! डोळ्यांची वाट लागते गं असल्या कामात.

आणि भाऊजी काय म्हणाले? "चित्र लहान झालंय." चित्र काय धुतल्यावर आटतं? मी शांतपणे समजावलं, की रुंद किनारीत तसं दिसतं, नजरेचा खेळ असतो. तर म्हणे, "माझा नावाडी कुठे गेला?" म्हटलं, "गेला असेल पलीकडे, त्याचं कामच ते." झालं! दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना मला 'खिळेठोक्या' म्हणाले. (खिळे मी ठोकतो, प्रश्न सुराचा आहे.) चौकट लागल्याशिवाय ते सही करत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. आता लागल्यावरही करत नाहीत. आणि बिनसहीचं चित्र प्रदर्शनवाले दारातूनच परत पाठवतात. म्हणजे माझी वेलही परत! माझा फोनही ते उचलत नाहीत. हा अन्याय नाही तर काय?

तुझा,
भाऊ

ता. क. : माप मी घेतलं होतं, पण चित्रातल्या मला आवडलेल्या भागाचं. चौकट जोडल्यावर चित्र दोन बोटं जास्त निघालं. वेल कापायची म्हणजे कळीचा जीव जाणार. म्हणून चित्र कापलं.

ता. क. २ : नावाडी सोबतच्या पाकिटात आहे, घडी घालू नकोस. भाऊजींचं जेवण झाल्यावरच दाखव आणि मी रडकुंडीला आलो होतो असं सांग (आलो होतो). शुक्रवारपर्यंत कशीही करून सही मिळव. फक्त जरा बारीक करायला सांग. लोकांची नजर वेलीवरून हलता कामा नये.