तिचं चुकलं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, इंग्रजीची शिक्षिका, शाळेतून निवृत्त पण शनिवारच्या वर्गातून नाही, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात किंचित थरथरतो पण अक्षर अजून ओळीत बसते, आणि हे मृत्युपत्र करण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट आयुष्यभर मीच इतरांवर आणले. यापूर्वी असा कोणताही कागद मी केलेला नाही. मजकूर सगळा माझ्या हातचा. कायद्याची बाजू माझी जुनी विद्यार्थिनी, सध्या वकील, समोर बसून बघते आहे. आठवीत असताना ती प्रत्येक शब्दानंतर स्वल्पविराम द्यायची, म्हणून वर्गाने तिचे नाव कॉमा ठेवले. या कागदात मी तिला कॉमाच म्हणणार आहे. तिची हरकत नाही, विचारून घेतले आहे.

कलम पहिले. बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलाला. तो परगावी असतो, दर रविवारी फोन करतो आणि म्हणतो, "आई, लेट अस डिस्कस अबाउट द हाउस." डिस्कसनंतर अबाउट येत नाही. लोकांच्या पोरांना हे शिकवता शिकवता माझी हयात गेली आणि घरचा राहून गेला. शिल्लक बिनशर्त आहे, पण एकदा तरी ते वाक्य नीट म्हण रे बाबा. घर त्याला नको आहे, असे तो स्वतःच म्हणाला आहे. सूनबाई तेव्हा शेजारीच बसल्या होत्या.

कलम दुसरे. पुढच्या खोलीतला फळा, डस्टर, लाल पेने आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे कपाट शनिवारच्या वर्गाकडे राहावे. कपाटाचे दार उघडताना खालून लाथ मारावी लागते. हळू मारावी.

कलम तिसरे. आमच्या शाळेचे पी.टी.चे सर, जे स्पर्धा जवळ आल्या की माझा व्याकरणाचा तास उचलून मैदानावर न्यायचे, त्यांना त्यांची पितळी शिटी परत द्यावी. ती त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी हरवली असा समज आहे. ती हरवली नव्हती. माझ्या ड्रॉवरमध्ये, उजव्या कोपऱ्यात, रुमालाखाली आहे. मला पश्चात्ताप नाही, त्या वर्षी माझे टेन्सेस वेळेत पुरे झाले.

सर आज साक्षीदार म्हणून आले होते. हे कलम वाचून झाल्यावर कॉमा म्हणाली की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. सही केली तर त्याची देणगी जाते. सरांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "मग सही दुसऱ्या कोणाची घ्या. मला शिटी पाहिजे." शिटी माझ्यानंतरच मिळेल हे सांगितल्यावर म्हणाले, "थांबतो की, घाई कोणाला आहे." असे म्हणून बिस्किटे संपवून गेले. एक साक्षीदार कमी झाला.

कलम चौथे. तळमजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा नळ माझ्या धाकट्या जावेला. वरचा मजला मुळात तिचाच आहे. आमचे नवरे सख्खे भाऊ. ते एकामागोमाग गेले आणि आम्ही दोघी मागे उरलो. कारण लिहायची गरज नाही असे कॉमा म्हणते. तिला नसेल, मला आहे.

धाकटी फारशी शिकलेली नाही, पण गोष्ट सांगावी तर तिनेच. माझ्या शनिवारच्या वर्गात परीक्षेआधी उजळणी चाले. आधी तासभर व्याकरण, मग लघुकथेचे घटक. पुस्तकातल्या कथांना पोरे जांभया देत. मग मी धाकटीला वरून बोलावत असे. ती स्टुलावर बसून गोष्ट सांगे आणि पोरे वहीत कॅरेक्टर, सेटिंग, प्लॉट, कॉन्फ्लिक्ट असे रकाने भरत. एकालाही जांभई येत नसे.

चौदा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी मी डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच घेतले. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत असले तर डायरेक्ट. तेच दुसऱ्याने सांगितले की इनडायरेक्ट, आणि मग सगळे सरकते: 'आय'चा 'शी' होतो, 'हिअर'चा 'देअर' होतो, 'टुडे'चा 'दॅट डे' होतो. पोरांकडून वीस वाक्ये घोटून घेतली. मग धाकटी आली आणि तिने दोन बायकांची गोष्ट सांगितली. एक घर, एक शेगडी, सव्वीस वर्षे, आणि भांडण एकदाही नाही. त्यातली मोठी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधायची. पोरे हसली. मी खडू उचलला आणि एकोणीस मुलांसमोर म्हटले, "पात्रं आहेत, सेटिंग आहे, पण कॉन्फ्लिक्ट कुठाय? कॉन्फ्लिक्ट नाही म्हणजे ही गोष्टच नाही. दहापैकी तीन."

धाकटी उठली. स्टूल भिंतीला लावले आणि वर गेली. वर्ग सुटल्यावर फळा पुसताना मी चष्मा शोधू लागले, आणि तो माझ्या डोक्यावर सापडला. तेव्हा कळले की गोष्ट कोणाची होती. मला इतके वाईट वाटले की मी तिथेच बाकावर बसले.

स्वतः वर जायची मला लाज वाटली. मागे थांबलेल्या एका आठवीतल्या मुलीला म्हटले, "जा, वर जाऊन सांग, माझं चुकलं, खाली ये." मुलगी गेली आणि उत्तर घेऊन आली. काकू म्हणाल्या की ती येणार नाही. झाले. मी माफी मागितली आणि हिने ती झिडकारली, असे मी धरून बसले. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी थेट बोललेलो नाही. "त्यांना सांग टाकी भरली." "बाईंना सांग नळ बंद करा." मला ताप आला तेव्हा तिने पोरांच्या हाती आठ दिवस डबा पाठवला, पण निरोप एवढाच, की मीठ कमी आहे. माझ्या वर्गाचे इनडायरेक्ट स्पीच गावात सगळ्यात पक्के होते, कारण पोरांना दिवसभर सराव होता.

गेल्या मंगळवारी हा कागद ठरवताना कॉमा सहज म्हणाली, "बाई, इनडायरेक्ट मला तुमच्यामुळेच जमलं. तुमचा तो पहिला निरोप मीच नेला होता, आठवतं? अगदी नियमाप्रमाणे नेला."

मी विचारले, "नियमाप्रमाणे म्हणजे काय सांगितलंस?"

"म्हटलं, बाई म्हणाल्या की तिचं चुकलं आणि तिने खाली यावं."

मी कप खाली ठेवला. "तिचं? मला ती म्हणालीस?"

"बाई, 'माय'चं 'हर' होतं ना. हर म्हणजे तिचं."

आता बाईंना 'ती' म्हणायची कोणत्या मुलीची छाती आहे? 'ती' म्हणजे आपणच, असे धाकटीने धरले. वर्गात अपमान केला तो केला, वर 'तुझं चुकलं, खाली ये' असा हुकूम. कोण आले असते? मीही आले नसते. कॉमाचा दोष काडीचाही नाही, तिने मी शिकवलेले तंतोतंत केले. मराठीत निरोप दहा तोंडांतून गेला तरी त्यातला 'मी' हा 'मी'च राहतो, एवढे सांगायचे माझेच राहून गेले होते.

म्हणून खोल्यांबरोबर धाकटीला मी हेही देते, आणि वाचणाऱ्याने ते अवतरणचिन्हांसकट वाचावे: "माझं चुकलं." माझ्यामागे हा कागद उघडेल तेव्हा तिला ते मिळेल. वर सतरा पायऱ्या आहेत आणि एवढे धैर्य माझ्यात नाही. कॉमा म्हणते, "बाई, शोभत नाही तुम्हाला." नाही शोभत. पण आहे ते असे आहे.

इथे मला लिहिणे थांबवावे लागले, आणि पुढचे थोड्या वेळाने लिहिते आहे. शेजारचे इस्त्रीवाले पहिले साक्षीदार म्हणून आले. दुसरा कोणी मिळेना, आणि कॉमा स्वतः सही करायला तयार नव्हती. कॉमा मला न विचारता जिन्याशी गेली आणि हाक मारली, "काकू, एका सहीसाठी खाली येता का?"

मी म्हटले, "अगं, तिला खोल्या मिळतायत. तिची सही चालत नाही, तूच सांगितलंस."

"हो का? विसरलेच," कॉमा म्हणाली. वकील झाली तरी हिला खोटे बोलता येत नाही.

धाकटी आली. कागद हात लांब करून वाचू लागली. चौथे कलम दोनदा वाचले. मी इस्त्रीवाल्यांकडे बघितले, ते छताकडे बघत होते. मग धाकटी कॉमाला म्हणाली, "बाईंना विचार, हे खरं आहे का?"

कॉमा म्हणाली, "काकू, मी आता निरोप नेत नाही. माझ्याकडून घोळ होतो."

शेवटी मीच म्हटले, "माझं चुकलं गं."

धाकटीने डोळ्यांना पदर लावला. मग भिंतीचे स्टूल ओढून त्यावर बसली. "आता आहे ना कॉन्फ्लिक्ट? आता झाली ना गोष्ट?"

"झाली."

"मग मार्क वाढव."

मी दहापैकी दहा दिले. हे माझ्या नोकरीत कधी झालेले नाही. मग तिने पेन मागितले. कॉमाने तिला रीतसर बजावले की सही केली तर खालच्या खोल्या जातील. धाकटी म्हणाली, "जाऊ देत. वर आहे मला घर, दोन्हीकडे झाडू मारत बसू का? ताई काय म्हणाली ते मी या कानांनी ऐकलंय. मग साक्षीदार मी नाही तर कोण?"

कलम पाचवे. धाकटीने सही केल्यामुळे चौथ्या कलमातली देणगी रद्द, पण तिथला मजकूर कोणी खोडू नये. खालच्या खोल्या मुलाला. विकण्याआधी त्याने काकूशी डिस्कस करावे, अबाउट न लावता. शनिवारचा वर्ग मात्र धाकटीला. शनिवार ही मालमत्ता नव्हे, त्यामुळे तो साक्षीदारालाही देता येतो, असा माझ्या वकिलांचा सल्ला आहे. व्याकरण कॉमा घेईल, गोष्टी धाकटी सांगेल. अर्थात हे माझ्यानंतर. येत्या शनिवारी आम्ही दोघी घेणार आहोत. कपाटाला लाथ ती मारेल, माझा गुडघा दुखतो.

तारीख आकड्यांत हवी असा कॉमाचा हट्ट आहे. ती तिने मागच्या बाजूला आपल्या शिक्क्याखाली घातली आहे. इथे मी माझ्या शब्दांत लिहिते, आणि पुढे कोणीही हा कागद वाचून दाखवताना त्याचे 'तिथे' आणि 'त्या दिवशी' करू नये.

सही: मोठी जाऊ, इंग्रजीच्या बाई

साक्षीदार पहिले: शेजारचे इस्त्रीवाले

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ

स्थळ: इथे

दिनांक: आज