पैनगंगा कॅसेट विकायची की नाही

१४ सप्टेंबर १९८८

कंपनीचा माणूस आज परत आला. तिसऱ्यांदा! हैदराबादची कंपनी, टेपरेकॉर्डर बनवते. आता तिला आमची ‘पैनगंगा कॅसेट’ हवी आहे. नाव, मशिनी, त्रेचाळीस मास्टर टेपा, सगळं. इचोड्याचं हे दुकान तेवढं माझ्याकडे राहणार, कारण त्यांचे टेपरेकॉर्डर विकायला कोणी तरी हवंच ना! म्हणजे माझ्याच गल्ल्यावर मी नोकर.

मॅनेजर चहात बिस्किट बुडवत म्हणाला, “गाने के बगैर डब्बा कौन लेता, साब? गाहक पहले पूछता, इसमें बजाऊं क्या?”

आमच्या टेपा भरणारा डोमाजी कोपऱ्यात वायर गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही. मॅनेजरची जीप गेल्यावर मात्र बोलला, “भाऊ, जो डब्बे बनवते त्याले गाणं म्हंजे डब्ब्यात भराचा माल. डब्बा खपला का गाण्याचं काम सरलं.”

पटलं मला. पण पटून काय करायचं? सत्तावन्नावं चालू आहे. सकाळी शटर उचलतानाच कंटाळा येतो.

१५ सप्टेंबर

दिवसभर ट्रक. एकाच ड्रायव्हरने बारा कॅसेटी ऐकून एकही घेतली नाही. माझी बायको रेणुका म्हणते, हाका मारून मारून तिचा घसा बसला. या रस्त्यावर कोणाला काय ऐकू येणार! त्यात ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते.

२१ सप्टेंबर

बेल्याला जाऊन आलो. अंग मोडून आलं आहे, पण लिहितो.

राहीबाईंच्या मंडळाची भुलाबाईची गाणी टेपवर घेतली. पौर्णिमेला भुलाबाई बसते, त्याच्या आत कॅसेट बाजारात हवी, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत कोण विचारतो? म्हणून यंदा कापसाची वाट पाहिली नाही. एरवी आमचा हंगाम शेतकऱ्यासारखाच. उद्धवरावांच्या जिनिंगच्या गोदामात कापूस छतापर्यंत भरला की आम्ही माइक घेऊन जातो. चहूकडून कापूस असला की आवाज घुमत नाही. ही युक्ती डोमाजीची. सात वर्षांपूर्वी काढली, तेव्हा लोक हसले होते. मग आदिलाबादचे भजनीही तिथेच यायला लागले.

आज गोदाम रिकामं होतं. भिंतींना गोधड्या बांधल्या. बायकांनी रिवाजाप्रमाणे प्रत्येक गाण्याआधी गावाचं नाव घेतलं, मग एकेकीचं. आपल्या गावाचं नाव टेपमधून येतं म्हणून तर लोक आमची कॅसेट घेतात. गाणी काय, सगळ्यांना पाठच असतात.

मी ऐकलं. टिपऱ्या कुठेच नाहीत! नुसत्या बायका गातात, टिपऱ्या जशा गोधडीखाली.

“डोमाजी, टिपऱ्या उचल.”

“हाय ना टिपरी, भाऊ.”

“कुठे आहे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, बटण फिरवलं. नाही. पुन्हा फिरवलं. तरी नाही. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा कुठे जरा टकटक आली. राहीबाई कानावर पदर धरून बसल्या होत्या, उकाडा फार होता.

परतताना बसमध्ये डोक्यात विचार आला. गेली तीन-चार वर्षं मला आमच्या टेपा दबलेल्या वाटतात. टाळ नाही, घुंगरू नाही. मी म्हणायचो कापूस आवाज खातो. आज तर कापूसच नव्हता!

म्हणजे डोमाजीचे कान गेले.

२२ सप्टेंबर

काही सुचत नाही.

आमची रीत अशी – डोमाजी टेप भरतो, मी ऐकतो, मी पास केली की डबीला कुंकू लावतो. कुंकवाशिवाय एक कॉपी निघत नाही. मी आवाजाला हात लावत नाही, तो कुंकवाला लावत नाही. या सात वर्षांत मी म्हणालो आणि त्याने ऐकलं नाही असं एकदाही झालं नाही.

त्याला सांगायचं कसं? या माणसाने वाटणीचं शेत भावाला कसायला देऊन टाकलं आणि माझ्याबरोबर वायरी खांद्यावर टाकून गावोगाव फिरला. लेकरू-बाळ नाही. बायको गेली त्यालाही नऊ वर्षं झाली. बेल्यापासून नेरडीगोंड्यापर्यंत लोक म्हणतात, कान असावा तर डोमाजीचा! तो कान काढून घेतला तर त्याच्यापाशी काय उरतं?

भुलाबाईच्या डबीला कुंकू लावलं.

४ ऑक्टोबर

नेरडीगोंड्याच्या दुकानदाराने भुलाबाईचा अख्खा खोका परत पाठवला. सोबत निरोप – “सुईवानी किरकिर करते. लेकरं कानात बोटं घालतात.”

दुकानातल्या मशीनवर लावून पाहिली. मला तर ठीक वाटली. पण आमचं मशीन जुनं, त्यांची नवी. शिवाय मी पास केल्यावर डोमाजीने परत बटणाला हात लावला असणार. ऐकू येत नसेल तर माणूस वाढवतच जातो, त्याचा काय दोष?

डोमाजी खोका पाहत उभा राहिला. म्हणाला, “भाऊ, तुमी म्हनलं म्हणून –” आणि थांबला. मलाही विचारायचा धीर झाला नाही.

५ ऑक्टोबर

ठरलं. विकायची.

कंपनी घेईल तर तिची माणसं, तिची मशिनी, हैदराबादला तिचा थंडगार हॉल. मग डोमाजीला कोणी ‘तुझ्या कानाने भागत नाही’ असं म्हणणार नाही. कंपनीने घेतलं, काम संपलं, एवढंच. मान राखून घरी बसेल. माझाही जीव सुटेल.

लोक म्हणतील, सुधाकरराव पैशाला भुलले. म्हणू देत.

१३ ऑक्टोबर

मॅनेजर कागद घेऊन आला. एका कलमावर अडलो. गाण्याआधीची गावाची, बायांची नावं कापून टाकणार म्हणे! “वो कौन सुनता? सीधा गाना चालू होना.”

दोन दिवस मागितले. गाणी बायांची, निदान त्यांना विचारावं. लिहून तर कधी घेतलं नाही. नारळ, लुगडं-खण दिलं की झालं, हाच आमचा करार.

१५ ऑक्टोबर

राहीबाईंकडे गेलो. अंगणात तुरीच्या काड्यांचे खराटे बांधत होत्या. सगळं सांगितलं. मोठी कंपनी, सगळ्या राज्यात कॅसेट जाईल, वगैरे. माझाच आवाज मला मॅनेजरसारखा वाटला.

त्या म्हणाल्या, “मले काऊन इचारता, दादा? तुमी सुरू केलं तवा कोणाले इचारलं व्हतं? गाणं माह्या सासूचं, तिच्या सासूचं. ते काय तुमी इकसान, अन् मी काय अडवीन!”

“नावं काढतो म्हणतात.”

हात थांबले. “नाव काढलं तं मंग ते कोणाचं बी झालं. माही लेक दिली निर्मल गावाकडं. ते तेलगूत राह्यते दिवसभर. टेप लावते ते माह्या गाण्यासाठी नाई लावत. मी माहं नाव सांगतो ना, तेवढ्यासाठी लावते.”

मग खराटा आपटत म्हणाल्या, “इकाचं तं इका. मशीनवाला का अन् तुमी का, आमाले सारखेच. नाव तेवढं ठेवा म्हणा.”

मशीनवाला का अन् तुमी का! येताना तेच डोक्यात. रागही आला. त्यांच्यासाठी एवढी वर्षं धूळ खाल्ली ती काय उगाच? पण बाई खोटं बोलल्या नाहीत.

१८ ऑक्टोबर

मॅनेजरला ठणकावून सांगितलं, नावं राहिली तरच सही. हैदराबादला फोन करून आला. “ठीक है, रहने दो.” जिंकलो म्हणायचं. आनंद वगैरे काही झाला नाही.

२२ नोव्हेंबर

डोमाजीला आज सांगितलं. पुढच्या सोमवारी सही आहे म्हणून. इतके दिवस टाळलं.

असा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नाही. “कापूस येऊन राह्यला गोदामात! तीन मंडळं निरोप धाडून राह्यले, अन् तुमी इकून राह्यले?”

मी म्हणालो, मी थकलो. खरंच होतं ते.

“थकले तं घरी बसा ना! ऐकाले मी हाव ना, भाऊ! मी ऐकतो! तुमी निस्तं कुंकू लावा!”

सांगावं का, बाबा, तुलाच तर ऐकू येत नाही? नाही सांगितलं. उलट कडक आवाजात म्हणालो, “मालक मी आहे. ठरलं म्हणजे ठरलं.” मालक हा शब्द आमच्यात कधी आला नव्हता.

तो गोदामाची किल्ली काउंटरवर ठेवून गेला.

२८ नोव्हेंबर

सही केली.

३० नोव्हेंबर

मास्टर टेपा नेल्या. हमालाने खोके जीपमध्ये फेकले, मी ओरडलो. मॅनेजर हसला. डोमाजी आला नाही.

१९ डिसेंबर

डोमाजी बेल्याला भावाकडे आहे. कापूस वेचणीला जातो म्हणे. दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

दुकानात कंपनीचे टेपरेकॉर्डर लागले आहेत. चकचकीत. खपतातही. रेणुका सकाळी म्हणाली, “आता तरी सुखाने जेवा.” ताट तसंच परत गेलं.

पाप वाटतं आहे. उपकार केला की घात, कळेनासं झालं.

६ जानेवारी १९८९

बेल्याला गेलो. ठरवूनच गेलो होतो. कानाला नवीन यंत्र निघालं आहे म्हणतात. नागपूरला नेऊन दाखवावं, यंत्र बसलं तर कंपनीच्या पाया पडेन, पण त्याला कामावर घ्यायला लावेन. उघड बोलता येईना. म्हणून म्हणालो, “माझा कान जरा ठणकतो, सोबत चलतोस का नागपूरला?” म्हटलं तिथे गेल्यावर डॉक्टरांना हळूच सांगू, याचेही पाहून घ्या.

वाटलं नाही म्हणेल. तर धोतर झटकून लगेच उठला! “चाला. मी तं केव्हाचाच वाट पाहून राह्यलो.”

कसली वाट, विचारलं नाही. राग गेला, एवढंच मनात आलं. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

११ जानेवारी, नागपूर

दोघांचे कान तपासले. डोमाजीचे विशीतल्या माणसासारखे आहेत. माझे बारीक आवाज पाच-सहा वर्षांपूर्वीच गेले, डॉक्टर म्हणाले. टाळ, घुंगरू, टिपऱ्या, सगळं. बाहेर बाकावर डोमाजी माझ्या कानाशी तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून बोलत होता – “पास तुमी करून राह्यले व्हते, भाऊ. मी कोण्या तोंडानं सांगू? मले वाटलं, तुमाले तुमच्या कानाचं समजलं, म्हणूनच इकलं.” सही करून सहा आठवडे झाले.